डिलीट केलेला आयडी परत येतो आणि जुना डेटा नवीन रेकॉर्डला चिकटतो: मूळ कुठे शोधायचं

प्रॉब्लेम असा दिसतो बघा. नवीन रेकॉर्ड तयार केलं, त्यात अजून काही भरलेलं नाही, आणि उघडून बघितलं तर आत कुणाचा तरी जुना फोटो, जुनी कमेंट, नाहीतर आपण कधी दिलीच नाही अशी परमिशन. रिफ्रेश केलं तरी तेच. मग कुणीतरी कॅश (पटकन देता यावी म्हणून बाजूला ठेवलेली डेटाची कॉपी) साफ करतं, ती एक फाइल हाताने उडवतं, तिकीट बंद होतं, आणि तीन-चार आठवड्यांनी परत तेच, फक्त वेगळ्या रेकॉर्डवर. तुमच्याकडे हे असं फिरून फिरून होत असेल तर कॅशच्या मागे लागू नका, आधी आयडी, म्हणजे रेकॉर्डची ओळख म्हणून दिलेला नंबर, कुठून येतो ते बघा. कॅशला जो नंबर विचारला त्याचाच डेटा ती देतेय, तिचं काही चुकत नाहीये, तो नंबरच मधल्या काळात दुसऱ्या कुणाचा तरी झालाय.

मी हे वेगवेगळ्या तीन सिस्टिममध्ये बघितलंय आणि तिन्ही वेळा सुरुवातीचे दिवस चुकीच्या जागी खणण्यात गेले, म्हणून जे कळलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. लांब झालंय, पण घाई असेल तर निदान पुढची केस आणि तिच्या खालची तपासणी तरी वाचा.

सपोर्ट तिकिटांचं सॉफ्टवेअर होतं, मायएसक्यूएल डेटाबेसच्या ५.७ व्हर्जनवर. अटॅचमेंट डिस्कवर ठेवलेल्या, प्रत्येक तिकिटाचा एक फोल्डर, फोल्डरचं नाव म्हणजे तिकिटाचा आयडी. सोमवारी सकाळी एका कस्टमरने नवीन तिकीट उघडलं, आयडी ४८२१३, आणि त्याला आत दुसऱ्याच माणसाच्या ओळखपत्राचा स्कॅन दिसला. त्याने स्वतःहून कळवलं म्हणून आम्हाला समजलं. सगळ्यांना वाटलं अपलोडच्या कोडमध्ये दोन युजरची सेशन मिसळतायत, दोन दिवस सेशनचा कोड वाचला, काही मिळेना. मग त्या फोल्डरमधल्या फाइलची तारीख बघितली तर शुक्रवार दुपार. आणि तिकीट तर सोमवारी सकाळी जन्माला आलेलं! म्हणजे पोरगं बापापेक्षा वयाने मोठं. सर्व्हरची घड्याळं बरोबर असतील तर सेशन मिसळून असं होऊ शकत नाही, याचा अर्थ ४८२१३ नावाचं दुसरं एक तिकीट आधी होऊन गेलं होतं.

तपासणी हीच. जिथे जिथे आयडीने जोडलेला डेटा आहे, म्हणजे अटॅचमेंट, कमेंट, ऑडिट लॉग, परमिशनचं टेबल, तिथे चाइल्ड रो (टेबलमधली जोडलेली नोंद) तयार झाल्याची वेळ तिच्या पॅरेंटच्या (ज्या मूळ नोंदीला ती जोडलीये तिच्या) वेळेच्या आधीची आहे का ते शोधा. एक जॉइन (दोन टेबलं जोडणं) आणि दोन तारखांची तुलना, एवढीच क्वेरी. एकही रो आली नाही तर बहुधा दुखणं दुसरं आहे. आमच्याकडे ३७ आल्या, आणि त्यातली सगळ्यात जुनी दोन वर्षांपूर्वीची होती, म्हणजे दोन वर्षं हे गुपचूप चालू होतं आणि कुणी बोललं नव्हतं. आता या सापडलेल्या पॅरेंट रो कुठल्या दिवशी तयार झाल्या त्याची यादी काढा. ही दुसरी पायरी लोक सोडून देतात आणि खरी माहिती तिथेच असते. आमच्या सगळ्याच्या सगळ्या सोमवारच्या निघाल्या, तेही सकाळच्या पहिल्या काही तिकिटांमधल्या, आणि रविवारी रात्री मेंटेनन्ससाठी डेटाबेस रीस्टार्ट व्हायचा.

रीस्टार्टचा आणि आयडीचा संबंध काय? मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन ८.० व्हर्जनच्या आधी ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे आपोआप पुढचा आयडी देणारा, काउंटर फक्त मेमरीत ठेवायचं. सर्व्हर बंद झाला की काउंटर गेला. परत चालू झाल्यावर ते टेबलमधला सगळ्यात मोठा आयडी बघायचं आणि त्याच्या पुढचा नंबर द्यायचं. आता शेपटाकडच्या रो कुणी डिलीट केल्या असतील तर 'सगळ्यात मोठा' हा आकडाच मागे सरकलेला असतो, आणि ते नंबर परत वाटले जातात. आमच्याकडे शनिवारी रात्री एक जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम) स्पॅम तिकिटं कायमची डिलीट करायचा, त्यात शुक्रवार-शनिवारची ताजी तिकिटं असायची, आणि तो जॉब रो उडवायचा पण फोल्डर तसाच ठेवायचा. (त्या ओळखपत्रवाल्याचं तिकीट चुकून स्पॅम ठरलं होतं.) शेपूट डिलीट होणं, रीस्टार्ट, आणि मागे राहिलेला फोल्डर, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या तरच गोंधळ दिसायचा, म्हणून तो दर आठवड्याला न होता 'कधीतरी' व्हायचा. हे वागणं मायएसक्यूएलच्या बग यादीत १९९ नंबरला २००३ पासून होतं आणि ८.० मध्ये, म्हणजे २०१८ साली, काउंटर रीडू लॉगमध्ये (डिस्कवरच्या बदलांच्या नोंदवहीत) लिहायला लागल्यावर मिटलं. तुम्ही अजून ५.७ वर किंवा त्याच्या मागे असाल तर तुमच्याकडे हे आजही आहे असं धरून चाला.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तर रीस्टार्टचीही गरज नाही. कॉलम नुसता इंटिजर प्रायमरी की म्हणून टाकला असेल तर नवीन आयडी म्हणजे टेबलमधला सगळ्यात मोठा अधिक एक. शेवटची रो उडवा, नवीन टाका, तोच नंबर परत मिळणार, लगेच. मोबाइल अ‍ॅपमध्ये हे फार छळतं, कारण नोटिफिकेशन, शेड्युल केलेला अलार्म, सिंक व्हायची बाकी असलेली रांग, हे सगळं त्या लोकल आयडीला धरून बसलेलं असतं, आणि युजर काय करतो, चुकून टाकलेली नोंद डिलीट करून लगेच नवीन टाकतो. ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द डेफिनिशनमध्ये घातला की एसक्यूलाइट आजवरचा सगळ्यात मोठा नंबर वेगळ्या टेबलमध्ये लिहून ठेवतं आणि दिलेला नंबर परत देत नाही. हा शब्द थोडा खर्चिक आहे, गरज नसताना घालू नका असं त्यांचं डॉक्युमेंटेशनच सांगतं, पण आयडी टेबलच्या बाहेर कुठेही जात असेल तर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्यांनी स्वतःच्या कोडमध्ये 'मॅक्स आयडी काढ, एक मिळव, इन्सर्ट कर' असं लिहिलंय त्यांना तर दोन्ही दुखणी एकदम होतात. शेपूट उडवलं की रीयूज होतो, आणि दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींना एकच मॅक्स दिसतो. कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (एक नंबर दोनदा येऊ न देणारा नियम) असेल तर निदान एक जण आपटून एरर येते, नसेल तर दोन वेगळी रेकॉर्ड एकाच नंबरने शांतपणे राहतात आणि ते तुम्हाला वर्षभराने रिपोर्टची बेरीज चुकल्यावर कळतं. ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकत्र होतं किंवा काहीच होत नाही अशा गटात) गुंडाळलंय म्हणून सुरक्षित आहे असं समजू नका, नेहमीच्या आयसोलेशन लेव्हलला (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती पातळी) दोन ट्रान्झॅक्शन तोच मॅक्स आरामात वाचू शकतात.

आता याच्या उलट एक गोष्ट, जी प्रॉब्लेम नाहीये पण लोक तिला प्रॉब्लेम समजून 'दुरुस्त' करायला जातात आणि त्यातून खरा प्रॉब्लेम तयार होतो. आयडीमधल्या फटी. १०४ नंतर एकदम १०७ आला की काहीतरी हरवलं असं वाटतं, मग कुणीतरी रिकामे नंबर शोधून भरणारा कोड लिहितं. कृपा करून हे करू नका. पोस्टग्रेस डेटाबेसचा सीक्वेन्स (नंबर देणारा काउंटर) ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे रद्द करून मागे घेतलं, तरी मागे येत नाही, मुद्दाम तसा बनवलाय, कारण मागे यायचं म्हटलं तर प्रत्येकाला आधीच्याची वाट बघत बसावी लागेल. क्रॅश झाला तर ३२ पर्यंत नंबर उडी मारून जाऊ शकतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटीचे नंबर आगाऊ राखून ठेवलेले असतात, त्यामुळे अचानक बंद पडून परत चालू झाल्यावर इंट कॉलममध्ये १००० ची आणि बिगइंटमध्ये १०,००० ची उडी दिसते. हे सगळं ठीक आहे. हिशेबासाठी सलग नंबर लागत असतील, जसे इनव्हॉइसचे, तर त्यासाठी वेगळा कॉलम करा, तो नंबर इनव्हॉइस पक्कं होतानाच लॉक घेऊन द्या, आणि रद्द झालेलं इनव्हॉइस डिलीट न करता 'रद्द' म्हणून ठेवा. आयडीकडून ते काम करून घेऊ नका.

इम्पोर्टनंतर पोस्टग्रेसमध्ये डुप्लिकेट की ची एरर येत असेल तर ते रीयूजचं दुखणं नाही, ते सोपं आहे. आयडीसकट डेटा भरला, सीक्वेन्सला त्याचा पत्ताच नाही, तो अजून १ पासून देतोय. सेटव्हॅल या फंक्शनने त्याला टेबलच्या मॅक्सवर आणून ठेवा, झालं. परत परत येत असेल तर इम्पोर्टच्या स्क्रिप्टच्या शेवटी ही ओळ कायमची टाका.

लोक आयडी रीसायकल करायला जातात त्याचं अजून एक कारण म्हणजे संपण्याची भीती, आणि ही भीती खरी आहे. साइन्ड ३२-बिट इंटिजर २१४,७४,८३,६४७ ला संपतो. स्लॅशडॉट या चर्चेच्या साइटवर नोव्हेंबर २००६ मध्ये कमेंटची संख्या १,६७,७७,२१६ ला पोचली आणि मीडियमइंट (२४-बिट) कॉलम भरल्यामुळे कमेंटना रिप्लाय देणं बंद पडलं होतं. आणि तुमच्या टेबलमध्ये रो कमी आहेत म्हणून निवांत राहू नका, कारण नंबर रो पेक्षा पुष्कळ वेगाने जळतात. मायएसक्यूएलचं रिप्लेस आधी रो उडवतं आणि नवीन आयडीने टाकतं, पोस्टग्रेसचं ऑन कॉन्फ्लिक्ट प्रत्यक्षात काही टाकलं नाही तरी सीक्वेन्समधून नंबर खाऊन टाकतं. दर मिनिटाला हजारो अपसर्ट (रो असेल तर बदल, नसेल तर टाक) करणारा जॉब असेल तर फक्त पन्नास हजार रो असलेलं टेबलसुद्धा एक दिवस २१४ कोटींवर जाऊन आपटतं. म्हणून रो न मोजता काउंटर कुठे आहे ते बघा, आणि निम्म्याच्या पुढे गेला की अलर्ट लावा.

पण यावर उपाय जुने नंबर परत वापरणं हा नाही. उपाय बिगइंट, म्हणजे ६४-बिट इंटिजर. ६४-बिटमध्ये सेकंदाला १० लाख आयडी वाटले तरी सुमारे २ लाख ९२ हजार वर्षं पुरतात, त्यामुळे डेटाबेसच्या आयडीमध्ये काटकसर करण्याचं कारणच उरत नाही. फक्त बदलताना फॉरेन की चे (दुसऱ्या टेबलचा आयडी ठेवणारे) सगळे कॉलम, अ‍ॅपच्या कोडमधले इंट, आणि रिपोर्टिंगची टेबलं, हे सगळं सोबत बदला, नाहीतर मुख्य टेबल रुंद आणि चाइल्ड अरुंद राहतं. आणि जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक बिनचूक धरत नाही, शेवटचे आकडे गोल होतात, म्हणजे दोन वेगळे आयडी ब्राउझरमध्ये एकच दिसू शकतात. ट्विटरने २०१० मध्ये स्नोफ्लेक या आपल्या आयडी बनवणाऱ्या सिस्टिमचे ६४-बिट आयडी आणले तेव्हा म्हणूनच तोच आयडी स्ट्रिंग (आकडा नाही, मजकूर) म्हणूनही द्यायला सुरुवात केली. तुम्हीही एपीआयमधून आयडी स्ट्रिंग म्हणूनच द्या.

बरं, मग रीसायकल कधीच करायचं नाही का? करावं लागतं, जिथे जागाच ठरलेल्या असतात तिथे. फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा किंवा कनेक्शनचा नंबर), प्रोसेसचा पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर), पोर्ट, कनेक्शनचे स्लॉट, गेममधल्या ऑब्जेक्टचा अ‍ॅरे. इथे नंबर परत द्यावाच लागतो, आणि इथले बग शोधायला सगळ्यात अवघड, म्हणून यावर जरा थांबते.

फाइल डिस्क्रिप्टर घ्या. पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डचा नियम आहे की ओपन केलं की रिकाम्यांपैकी सगळ्यात लहान नंबर मिळणार. म्हणजे आत्ता सोडलेला नंबर पुढच्याच ओपनला कुणालातरी मिळण्याची दाट शक्यता. आता हे बघा: एका थ्रेडने (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांपैकी एकाने) ७ नंबरची फाइल बंद केली. दुसऱ्या थ्रेडने डेटाबेसचं कनेक्शन उघडलं, त्याला ७ मिळाला. पहिल्या थ्रेडमध्ये एरर हँडलिंगच्या कोडने 'सुरक्षिततेसाठी' ७ परत एकदा बंद केला. पहिल्या थ्रेडला काहीच एरर नाही, सगळं व्यवस्थित. दुसऱ्याचं कनेक्शन मात्र हवेत गेलं, आणि तो बिचारा सांगतोय की मी काहीच केलं नाही, जे खरंच आहे. लॉगमध्ये दिसतं 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर', कधीकधी, लोड असताना, डेटाबेसच्या कोडमध्ये, जिथे चूक नाहीच. असं काही दिसलं तर एरर आलेल्या जागी शोधू नका, दुहेरी क्लोज शोधा. एसट्रेस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या टूलमध्ये एकाच नंबरवर, मध्ये ओपन नसताना, दोन क्लोज सापडले की चोर सापडला. मध्ये ओपन असेल तर तो कुठल्या थ्रेडने केला ते बघायचं. बंद केल्याबरोबर व्हेरिएबलमध्ये उणे एक टाकायची सवय लावली तर हे बरंच टळतं. याच प्रकारातलं अजून एक: प्रोग्रामने स्टँडर्ड एररचा २ नंबर बंद करून ठेवला तर पुढच्या उघडलेल्या फाइलला २ मिळू शकतो आणि एरर मेसेज त्या फाइलमध्ये जाऊन पडतात. एसक्यूलाइट डेटाबेस फाइलसाठी ०, १ आणि २ हे नंबर मुद्दाम टाळतं ते याचसाठी.

पीआयडी फाइलचं तसंच. सर्व्हिसने चालू होताना आपला पीआयडी फाइलमध्ये लिहिला, मग ती अचानक मेली, फाइल राहिली. लिनक्समध्ये पीआयडीची मर्यादा डीफॉल्ट ३२,७६८ (६४-बिटवर ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते), नंबर फिरून परत येतात, आणि स्टॉप स्क्रिप्ट त्या जुन्या नंबरला किल पाठवते जो आता भलत्याच प्रोसेसचा आहे. नुसता पीआयडी कधीच पुरेसा नाही, सोबत प्रोसेस सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि किलच्या आधी दोन्ही जुळवा. तरी तपासणं आणि किल यांच्यामध्ये बारीकशी फट राहतेच. लिनक्स ५.३ पासून पीआयडीएफडी ओपन हा कॉल आहे, त्याने मिळालेलं हँडल त्या एकाच प्रोसेसला चिकटलेलं असतं, नंबर दुसऱ्याला गेला तरी हँडल जात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि मला हे समजायला वेळ लागला. नंबर परत दिला हा गुन्हा नाहीये. नंबर सोडला तेव्हा तो अजून कुणाच्या तरी हातात होता, हा गुन्हा आहे. त्यामुळे डीबग करताना 'नवीन मालकाला हा नंबर कसा मिळाला' यापेक्षा 'जुन्या मालकाची आठवण अजून कोण धरून बसलंय' हे विचारलं की लवकर उत्तर मिळतं. कागद घ्या आणि लिहा: कॅश, रांगेतले मेसेज, ब्राउझरचं लोकल स्टोरेज, पाठवलेल्या ईमेलमधल्या लिंक, ऑडिट लॉग, बॅकअप, दुसऱ्या सिस्टिमला पाठवलेले वेबहुक (आपोआप जाणारे मेसेज). यादीतली एक जरी गोष्ट तुमच्या ताब्याबाहेरची असेल, उदाहरणार्थ ईमेलमधली लिंक, तर तो आयडी रीसायकल करायचा नाही, विषय संपला.

सगळ्या गोष्टी ताब्यातल्या असतील तर नंबरासोबत पिढी ठेवा. म्हणजे स्लॉट ५ नुसता द्यायचा नाही, 'स्लॉट ५, पिढी १२' असं हँडल द्यायचं. स्लॉट सोडला की पिढी १३ होते. कुणी जुनं '५, पिढी १२' घेऊन आलं की स्लॉटमधली पिढी जुळत नाही आणि त्याला सरळ 'हे आता नाही' असं उत्तर जातं, दुसऱ्याचा डेटा जात नाही. ३२ बिटमध्ये २० बिट स्लॉटला आणि १२ बिट पिढीला दिले तर १०,४८,५७६ स्लॉट आणि प्रत्येकाच्या ४०९६ पिढ्या होतात, आणि पिढ्या संपल्या की तो स्लॉट कायमचा निवृत्त करायचा, शून्यावर परत आणायचा नाही. ही कल्पना फार जुनी आहे. मेल वाचायच्या आयमॅप प्रोटोकॉलमध्ये मेलच्या यूआयडीसोबत (मेलचा नंबर) यूआयडीव्हॅलिडिटी हा आकडा येतो, तो बदलला की क्लायंटने साठवलेले सगळे यूआयडी टाकून द्यायचे. एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली देणारी सिस्टिम) 'स्टेल फाइल हँडल' ही एरर बऱ्याच जणांना त्रासदायक वाटते, पण ती तुम्हाला वाचवत असते: आयनोडचा (डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीचा) नंबर नवीन फाइलला गेला असेल तर पिढी जुळत नाही म्हणून सर्व्हर चुकीची फाइल देण्याऐवजी नाही म्हणतो.

फ्री लिस्ट, म्हणजे रिकाम्या नंबरांची यादी, स्टॅकसारखी ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्टॅकमध्ये शेवटी सोडलेला नंबर सगळ्यात आधी परत जातो, म्हणजे ज्याच्या जुन्या आठवणी सगळ्यात ताज्या तोच आधी. रांग ठेवा, आणि सोडलेला नंबर काही काळ बाजूला बसवा. टीसीपी हेच करतं, बंद झालेलं कनेक्शन टाइम-वेटमध्ये ठेवतं, लिनक्सवर ६० सेकंद, म्हणजे नेटवर्कमध्ये भटकत राहिलेलं जुनं पॅकेट नवीन कनेक्शनमध्ये घुसत नाही. तुमच्याकडे किती वेळ? कॅशचा टीटीएल (डेटा किती वेळ टिकतो), टोकनची मुदत आणि रांगेतला मेसेज जास्तीत जास्त किती जगतो, यातलं जे सगळ्यात मोठं त्याच्याहून जास्त. आणि सोडताना तो नंबर आधीच रिकाम्यांमध्ये आहे का ते तपासा, असेल तर तिथेच मोठ्याने एरर द्या. एकच नंबर लिस्टमध्ये दोनदा गेला की पुढे तो दोघांना मिळतो, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो, म्हणून शोधणं महाकठीण होतं.

माणसांच्या आयडीबद्दल पण हेच, तिथे तर नुकसान जास्त. ईमेल पत्ता किंवा युजरनेम हा मुख्य आयडी म्हणून वापरत असाल तर तो रीसायकल होतो हे लक्षात ठेवा, फक्त रीसायकल करणारे तुम्ही नसता. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या लोकांना दिले आणि नव्या मालकांना जुन्यांचे मेल यायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी आरएफसी ७२९३ (इंटरनेटचं एक स्टँडर्ड) आली, तिच्यात मेलला असा हेडर लावता येतो की हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच पोचव. ओपनआयडी कनेक्ट (दुसऱ्या सेवेच्या अकाउंटने लॉगिन) वापरत असाल तर 'सब' ही फील्ड साठवा, ती देणारा ती दुसऱ्याला परत देणार नाही असं स्टँडर्डमध्येच लिहिलंय, ईमेलबद्दल तसं काही नाही. लिनक्स सर्व्हरवर युजर डिलीट केला तर होम फोल्डरबाहेरच्या फाइली जुन्या नंबरानेच पडून राहतात, आणि यूजरअ‍ॅड नवीन माणसाला सध्याच्या सगळ्यात मोठ्या नंबराच्या पुढचा नंबर देतं, म्हणजे शेवटचा युजर उडवला असेल तर त्याच्या फाइली आपोआप नव्या माणसाच्या होतात. फाइंड कमांडला नोयूजर देऊन मालक नसलेल्या फाइली आधी शोधा, मग नवीन अकाउंट उघडा.

कुणीतरी म्हणेलच, यूयूआयडी (१२८ बिटचा लांब आयडी) वापरा की. वापरा, मी पण वापरते, व्हर्जन ४ मध्ये १२२ बिट रँडम असतात आणि ते नीट तयार झाले तर टक्कर होण्याची काळजी करायची गरज नाही, आणि इंडेक्स विस्कटतो म्हणून ते टाळत असाल तर मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधलं व्हर्जन ७ सुरुवातीला वेळ ठेवतं त्यामुळे क्रमाने येतं. पण 'फार लांब दिसतो' म्हणून पहिली ८ अक्षरं कापून वापरू नका. ८ हेक्स अक्षरं म्हणजे ३२ बिट, आणि त्यात साधारण ९,३०० आयडी झाले की टक्करीची शक्यता १ टक्का आणि ७७ हजारांना ५० टक्के होते. हे मी प्रत्यक्ष बघितलंय, सहा महिने काही नाही आणि मग आठवड्यात दोनदा.

आता आमच्या केसचं काय केलं ते. पहिल्या दिवशी काउंटर पुढे ढकलला, पण किती पुढे हे टेबलच्या मॅक्सवरून ठरवलं नाही, कारण मॅक्सच खोटं बोलत होता. चाइल्ड टेबलं, ऑडिट लॉग आणि डिस्कवरची फोल्डरची नावं, या सगळ्यातला सगळ्यात मोठा नंबर घेतला आणि त्याच्या पुढे गेलो. इथे ५.७ चा एक फास आहे: नुसता ऑल्टर टेबलने ऑटो-इन्क्रिमेंट वाढवला आणि त्यानंतर एकही रो न येता रीस्टार्ट झाला तर तो वाढवलेला आकडा पण जातो. म्हणून त्या नंबरची एक रिकामी रो टाकून ठेवली आणि डिलीटच्या जॉबला सांगितलं की टेबलमधली सगळ्यात शेवटची रो कधीच उडवायची नाही. मग जॉबमध्ये फोल्डर आधी आणि रो नंतर असा क्रम केला, मध्येच काही फसलं तर निदान रो शिल्लक राहते आणि पुढच्या वेळी परत प्रयत्न होतो. मालक नसलेले जुने फोल्डर शोधून हलवले, आणि नवीन तिकिटांच्या फोल्डरला आयडीऐवजी रो मध्ये साठवलेली एक लांब रँडम की दिली, म्हणजे उद्या नंबर परत आला तरी फोल्डर परत येत नाही. ८.० वर जाणं नंतर झालं. ते ३७ प्रकार एकेक करून उघडून बघितले आणि ज्यांच्या फाइली दुसऱ्यांना दिसू शकत होत्या त्या प्रत्येकाला कळवलं, त्यात आठवडा गेला आणि तो जायलाच हवा होता.

शेवटी एक टेस्ट लिहिली: तीन रो टाक, शेवटची उडव, डेटाबेस खरोखर रीस्टार्ट कर, नवीन रो टाक, तिचा आयडी उडवलेल्या आयडीपेक्षा मोठा आहे का बघ. रीस्टार्टमुळे ती हळू चालते, म्हणून रात्रीच्या रनमध्ये ठेवलीये. मॉक (खऱ्याच्या जागी खोटा डेटाबेस) वापरून ती जलद करायला जाऊ नका, रीस्टार्ट खरा नसेल तर ती कायम पासच होते.